डेन्व्हरहून एका दिवसात रॉकी माउंटन नॅशनल पार्क: घड्याळ लावून केलेला पूर्ण प्लॅन

आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पाहुणे असतातच आणि डेन्व्हरला आलं की रॉकी माउंटन नॅशनल पार्क बघायचंच असतं, त्यामुळे ही ट्रिप इतक्या वेळा झालीय की कुठल्या वळणावर किती वाजता असायला हवं हे मला आता तोंडपाठ आहे. बहुतेक जण एकच चूक करतात, आरामात उठून, भरपेट नाश्ता करून नऊ-दहाला घर सोडतात आणि मग सगळ्यात उंच ठिकाणी पोचतात दुपारी दीड-दोनला. जुलै-ऑगस्टमध्ये नेमकी तीच विजांची वेळ असते. म्हणून या प्लॅनचा पाया एकच, दुपारी बाराच्या आसपास उघड्या माथ्यावरचं चालणं संपलेलं पाहिजे, बाकी सगळं त्यावरून उलटा हिशोब करून ठरवायचं.

प्लॅन थोडक्यात असा: पहाटे निघून आधी बेअर लेकचा हाइक, मग ट्रेल रिज रोड या घाटरस्त्याने वर टंड्रात, म्हणजे जिथे झाडं उगवत नाहीत अशा उंच, उघड्या माथ्यावर, आणि पलीकडे पश्चिमेला ग्रँड लेक गावात उतरून वेगळ्या रस्त्याने घरी. आल्या रस्त्याने परत यायचं नाही.

कधी जायचं

ट्रेल रिज रोड वर्षभर उघडा नसतो. बर्फामुळे साधारण ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो तो थेट मेच्या शेवटी उघडतो, आणि उघडल्यावरही सुरुवातीला रात्री रस्त्यावर बर्फ धरलं तर सकाळी उशिरा सोडतात. माझ्या मते सगळ्यात छान काळ म्हणजे जुलैचे पहिले दोन-तीन आठवडे, टंड्रातली फुलं तेव्हा ऐन बहरात असतात. जूनच्या सुरुवातीला गेलात तर वरच्या तळ्यांच्या ट्रेलवर घट्ट झालेलं बर्फ मिळतं आणि बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक नसतील तर पाय सटकतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ॲस्पनची झाडं पिवळीधमक होतात आणि एल्क या मोठ्या हरणांच्या माजाचा काळ असतो, नर एल्कची ती शिट्टीसारखी लांब आरोळी संध्याकाळी कुरणात ऐकू येते, तोही अनुभव घेण्यासारखाच आहे.

वार शक्यतो मंगळ-बुध-गुरू धरा. रविवार टाळाच, त्याचं कारण परतीच्या रस्त्यात सांगते.

परमिट, फी आणि त्यातली गोम

उन्हाळ्यात नुसती एंट्री फी भरून आत जाता येत नाही, साधारण मेच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टाइम्ड एंट्री परमिट लागतं, म्हणजे ठरावीक दोन तासांच्या स्लॉटमध्ये गेटवर पोचायचं, एकदा आत गेलं की मग कितीही वेळ थांबा. याचे दोन प्रकार आहेत आणि गोंधळ इथेच होतो. साध्या 'टाइम्ड एंट्री'मध्ये बेअर लेक रोड सोडून बाकीचं पार्क येतं आणि त्याची गरज सकाळी ९ ते दुपारी २ या वेळात असते. दुसरं 'टाइम्ड एंट्री प्लस बेअर लेक रोड', त्यात सगळं पार्क येतं, आणि बेअर लेक रोडसाठी ते पहाटे ५ ते संध्याकाळी ६ पर्यंत लागतं. आपल्याला हे दुसरंच हवं, स्लॉट पहाटे ५ ते ७ चा.

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह वर होतं, फी २ डॉलर. पुढच्या महिन्याच्या तारखा आदल्या महिन्याच्या १ तारखेला सकाळी ८ ला उघडतात आणि पहाटेचे स्लॉट बघता बघता संपतात. नाही मिळालं तरी हताश होऊ नका, काही परमिट मुद्दाम राखून ठेवलेली असतात आणि ती आदल्या दिवशी संध्याकाळी ७ ला सोडतात, तेव्हा लॉगिन करून, कार्ड सेव्ह करून, सात वाजायच्या दोन मिनिटं आधी बसायचं. त्या वर्षीच्या तारखा-वेळा मात्र बुक करताना पार्कच्या साइटवर एकदा बघून घ्या, दरवर्षी थोडं इकडेतिकडे होतं.

एंट्री फी वेगळी: गाडीचे एका दिवसाचे ३० डॉलर, सात दिवसांचे ३५. वर्षभरात तीन-चार नॅशनल पार्क होणार असतील तर ८० डॉलरचा वार्षिक पास परवडतो. भारतातून आई-बाबा किंवा मित्र येणार असतील तर हे नीट वाचा, २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांना देशातल्या ११ मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा फी लागू झालीय आणि रॉकी माउंटन त्या यादीत आहे. १६ वर्षांखालच्या मुलांना ती नाही. रहिवासी नसलेल्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. तेव्हा किती माणसं, किती पार्क, हा हिशोब घरीच करा, गेटवर मागे गाड्यांची रांग असताना नाही. आणि गेटवर रोख चालत नाही, कार्ड जवळ ठेवा.

परमिटचा स्क्रीनशॉट काढा आणि मॅप ऑफलाइन डाउनलोड करा. पार्कात बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नाही, आणि गेटवर मेल उघडत नाही म्हणून सगळी गाडी अडकलेली मी पाहिलीय.

उंचीचं गांभीर्य

डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास, आणि ट्रेल रिज रोडचा सगळ्यात उंच बिंदू १२,१८३ फूट. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांना इथे आणू नका, निदान दोन रात्री डेन्व्हरला काढू द्या. आदल्या दिवसापासून पाणी वाढवा, रात्री दारू नको. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं सुरू झालं तर गोळी घेऊन वर थांबण्यात अर्थ नाही, गाडी खाली न्यायची, दोन-तीन हजार फूट उतरलं की बहुतेकांना बरं वाटतं. सासऱ्यांना पहिल्या खेपेला वर चक्कर आली तेव्हा आम्ही 'पाच मिनिटं बसा, बरं वाटेल' करत अर्धा तास घालवला, तो अर्धा तास घालवायला नको होता. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना आधी विचारूनच यावं.

बॅगेत काय घ्यायचं: माणशी दोन ते अडीच लिटर पाणी, वारा अडवणारं जॅकेट, पातळ स्वेटर किंवा फ्लीस, कानटोपी, रेनकोट, सनस्क्रीन, गॉगल, टोपी. शहरात तीस अंश सेल्सियस असलं तरी वर दहा-बारा अंश आणि कानात घुसणारा वारा असतो, शॉर्ट्स-टीशर्टवर गाडीतून उतरलेली माणसं दोन मिनिटांत परत आत बसतात आणि मग इतक्या लांब येऊन काचेतून टंड्रा बघतात, फार वाईट वाटतं. खाणं घरूनच न्या, पोळी-भाजीचे रोल, सुकामेवा, आणि काहीतरी खारट. पेट्रोल गेटच्या अलीकडच्या एस्टिस पार्क गावात फुल करा, नॅशनल पार्कच्या आत पंप नाही.

पहाटे ४ ते ६: घर ते बेअर लेक

डेन्व्हरहून चारला निघायचं. बोल्डर, लायन्स करत यूएस ३६ ने एस्टिस पार्क दीड तासाच्या आत-बाहेर येतं, रस्त्यात अंधार असतो आणि एल्क-हरणं रस्त्यावर येतात म्हणून शेवटचा घाट सावकाश. गावातून सरळ बीव्हर मेडोज गेट, आत शिरलं की डावीकडे बेअर लेक रोड. मोरेन पार्कच्या कुरणावर त्या वेळी धुकं असतं, एल्क चरत असतात, दोन मिनिटं थांबा पण गाडी रस्त्यावर मध्येच उभी करू नका, बाजूच्या जागेत घ्या.

सहाला बेअर लेकच्या पार्किंगमध्ये जागा मिळते, आठच्या आत ते भरून जातं. उशीर झाला आणि लॉट भरलाय असं कळलं तर वर घिरट्या घालत बसू नका, अलीकडे पार्क अँड राइड आहे तिथे गाडी लावून फुकट शटलने या. टॉयलेट इथेच उरकून घ्या, पुढे ट्रेलवर सोय नाही.

६:१५ ते ९:१५: एमराल्ड लेकचा हाइक

बेअर लेक ९,४७५ फुटांवर. तिथून एकाच ट्रेलवर तीन तळी मिळतात, निम्फ अर्ध्या मैलावर, ड्रीम १.१ मैलावर, एमराल्ड पावणेदोन मैलांच्या थोडं पुढे, जाऊन-येऊन साडेतीन मैल धरा आणि चढ साडेसहाशे फुटांच्या आसपास. आकड्यात सोपं वाटतं पण ही हवा दहा हजार फुटांची आहे, पहिल्या पाच मिनिटांतच छाती धपापते. बोलत बोलत चालता येईल इतकाच वेग ठेवा, बोलताना दम लागला की थांबा.

निम्फ लेकवर कमळाची रुंद पानं पसरलेली असतात, उन्हाळ्यात त्यात पिवळी फुलं येतात. पुढचा निम्फ ते ड्रीम हा चढ त्यातल्या त्यात दमवणारा, पण मागे वळून बघत राहा, लॉन्ग्ज पीक दिसतो, १४,२५९ फुटांचा, या पार्कातला सगळ्यात उंच डोंगर. आणि मग ड्रीम लेक. माझं खरं प्रेम याच्यावरच आहे. लांबुळकं, अरुंद तळं, टोकाला हॅलेट पीकचा उभा कातळ, आणि सात वाजता पहिलं ऊन त्या कातळाच्या माथ्यावर पडून हळूहळू खाली सरकत येतं, वारा अजून सुटलेला नसतो त्यामुळे तो सगळा सोनेरी कडा पाण्यात जसाच्या तसा उलटा दिसतो. आठनंतर वारा आला की पाणी हलतं आणि ते चित्र गेलं. पहाटे चारला का निघायचं हे पाहुण्यांना मी समजावत बसत नाही, ड्रीम लेकला उभं केलं की पुरतं.

एमराल्ड लेक टिंडल ग्लेशियरच्या खालच्या घळीत आहे, तिथे मोठ्या दगडांवर बसून थोडं खाऊन घ्या. खारी आणि चिपमंक अगदी हातापर्यंत येतील, त्यांना शेंगदाणासुद्धा देऊ नका, सवय लागते आणि जनावराचं नुकसान होतं, शिवाय नियमानेही बंदी आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर त्यांनी एमराल्डचा हट्ट न धरता ड्रीमवरून परतावं, किंवा बेअर लेकलाच पाऊण मैलाची फेरी मारावी. कुत्र्यांना कुठल्याही ट्रेलवर परवानगी नाही.

घड्याळ बघा: नऊ, फार तर सव्वानऊला गाडीत.

९:१५ ते ११:४५: ट्रेल रिज रोड

परत खाली येऊन डिअर रिज जंक्शनला ट्रेल रिज रोड लागतो. एस्टिस पार्क ते ग्रँड लेक असा हा ४८ मैलांचा रस्ता, १९२९ मध्ये काम सुरू होऊन १९३२ मध्ये खुला झाला, आणि त्यातले ११ मैल झाडांच्या रेषेच्या वर आहेत. या वरच्या भागात काही ठिकाणी कडेला रेलिंग नाही. ज्याला उंचीची भीती वाटते त्याला ड्रायव्हिंग देऊ नका, आणि ड्रायव्हरने दृश्य फक्त गाडी थांबवूनच बघायचं.

सगळ्या पॉइंटवर थांबलात तर बारा वाजेपर्यंत वर पोचणार नाही. मी मेनी पार्क्स कर्व्ह चालत्या गाडीतूनच बघते, रेनबो कर्व्हला पाच मिनिटं थांबते आणि फॉरेस्ट कॅन्यन ओव्हरलुकला दहा. रेनबो कर्व्हच्या पुढे झाडं बघत चला, आधी उंच, मग खुजी, मग एका बाजूलाच फांद्या असलेली, कारण पश्चिमेच्या वाऱ्याने दुसऱ्या बाजूचे कोंब जगूच दिलेले नसतात, मग जमिनीसरपट, आणि मग झाडं संपतात.

साधारण साडेदहाला रॉक कट. इथली टंड्रा कम्युनिटीज ट्रेल चुकवू नका. बांधीव वाट आहे, जाऊन-येऊन जेमतेम एक मैल, पण १२,००० फुटांच्या वर असल्यामुळे पाऊल पाऊल मोजून टाकायचं. वाटेवर गुडघे टेकून खाली बघा. उभ्याने बघितलं तर नुसतं हिरवट-तपकिरी गवत दिसतं, वाकलं की कळतं की ही तळहाताएवढी गुबगुबीत गादी म्हणजे एक अख्खं झुडूप आहे, मॉस कॅम्पियन, त्यावर नखाएवढी गुलाबी फुलं गच्च बसलेली, आणि त्या गादीत बोट न लावता नुसता हात जवळ नेला तरी वरच्या बोचऱ्या वाऱ्यापेक्षा तिथली हवा उबदार लागते. मोठ्या पिवळ्या अल्पाइन सूर्यफुलांची तोंडं पूर्वेकडे असतात, वाऱ्याकडे पाठ करून. उन्हाळा जेमतेम दीड-दोन महिन्यांचा, तेवढ्यात फुलायचं आणि बी धरायचं, म्हणून एक-एक झाड वाढायला वर्षानुवर्षं लागतात, पाऊलवाट पडली तर ती भरून यायला शेकडो वर्षं जाऊ शकतात. फोटोसाठी वाटेबाहेर एक पायसुद्धा टाकू नका, मुलांचा हात धरा. दगडांतून बारीक 'ईप' असा आवाज आला तर स्तब्ध उभे राहा, तो पिका, सशाच्या कुळातला मुठीएवढा प्राणी, तोंडात गवताची जुडी धरून धावत असतो कारण तो हिवाळाभर झोपत नाही, गवत साठवून काढतो. मार्मट हा मोठ्या खारीसारखा प्राणी मात्र उन्हात दगडावर लोळत पडलेला दिसेल, तो खाऊन खाऊन जाड होतो आणि हिवाळाभर झोपतो.

विजांबद्दल

२०१४ च्या जुलैमध्ये याच रस्त्यावर लागोपाठ दोन दिवशी वीज पडून दोन जण गेले, ११ ला ट्रेलवर आणि १२ ला रेनबो कर्व्हला, म्हणजे रस्त्याला लागूनच असलेल्या पॉइंटवर. सकाळी आकाश निळंशार असतं, साडेदहा-अकराला डोंगरांवर कापसासारखे पांढरे पुंजके येतात. ते पुंजके रुंदीपेक्षा उंचीने वाढायला लागले आणि खालून काळे दिसायला लागले की परत फिरायचं, गडगडाटाची वाट बघायची नाही. आम्ही एकदा उशीर करून एकला रॉक कटला होतो, ढग अजून लांब आहे म्हणत टोकापर्यंत गेलो, आणि परतताना साबुदाण्याएवढ्या गारा आल्या, मुलाच्या कानटोपीखालून बाहेर आलेले केस उभे राहिले. गाडीपर्यंतचं ते अंतर आम्ही कसं कापलं ते आजही आठवलं की पोटात गोळा येतो. गडगडाट ऐकू आला की पक्क्या टपाच्या गाडीत शिरून काचा वर, बस. एकट्या खडकाच्या आडोशाला किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका.

वाटेतच आकाश बिघडलं तर मन मोठं करून मागे फिरा आणि खाली हॉर्सशू पार्कला जा. तिथे अलुव्हियल फॅन आहे, १५ जुलै १९८२ ला वरचं लॉन लेकचं धरण फुटून पाण्याने जे प्रचंड धोंडे वाहून आणले ते तसेच पसरलेले आहेत. पाऊस उघडला की छोटी फेरी मारता येते.

११:४५ नंतर: माथ्यावरून पलीकडे

रस्त्याचा सर्वोच्च बिंदू मागे टाकून थोडं उतरलं की ११,७९६ फुटांवर अल्पाइन व्हिजिटर सेंटर. शेजारून पायऱ्यांची अल्पाइन रिज ट्रेल वर जाते, अंतर थोडंच पण चढ दोनशे फुटांचा, आकाश स्वच्छ असेल तरच करा.

आता उतार. गाडी 'डी' मध्ये सोडून पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरू नका, लो गिअर किंवा मॅन्युअल मोडमध्ये दोन-तीनवर टाका म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. जळका वास आला तर बाजूला घेऊन ब्रेक थंड होऊ द्या, पाणी ओतू नका.

मिल्नर पासला, १०,७५९ फुटांवर, काँटिनेंटल डिव्हाइडची पाटी आहे. इथे पाऊस पडला तर पूर्वेकडचं पाणी पूद्र नदीतून शेवटी अटलांटिककडे जातं आणि पश्चिमेकडचं कोलोराडो नदीत. खाली उतरलात की काउनीची व्हॅलीत तीच कोलोराडो नदी दिसेल, अगदी ओढ्याएवढी, ग्रँड कॅन्यन कोरणारी नदी ती हीच. डबा इथे खायचा. कोयोटी व्हॅली ट्रेल सपाट, जाऊन-येऊन एक मैल, आई-बाबांसाठी उत्तम, आणि मूस हे भलंमोठं हरीण दिसण्याची शक्यता इथेच सगळ्यात जास्त. मूस शांत दिसतो पण तापट जनावर आहे, त्याच्यापासून आणि अस्वलापासून १२० फूट, एल्कपासून ७५ फूट हे नियमातलं अंतर पाळा, पिल्लू बरोबर असेल तर त्याहून लांब.

पुढे डोंगरांवर जळून उभे राहिलेले काळे खांब दिसतात, ती ऑक्टोबर २०२० च्या ईस्ट ट्रबलसम वणव्याची खूण, तो वणवा चक्क डिव्हाइड ओलांडून पूर्वेला गेला होता. आता खाली हिरवळ, फायरवीडची जांभळी फुलं आणि बारकी ॲस्पन आलीत.

परतीचा रस्ता

ग्रँड लेकला तीनच्या सुमारास. दम असेल तर ॲडम्स फॉल्स, ट्रेल सुरू होते तिथून एक तृतीयांश मैल. नाहीतर तळ्याकाठी चहा-कॉफी. मग ग्रॅनबी, विंटर पार्क, ११,३०७ फुटांचा बर्थूड पास आणि आय-७० हायवेने डेन्व्हर, साधारण सव्वादोन तास. रविवारी दुपारी या आय-७० वर डोंगरातून परतणारी सगळी गर्दी एकत्र येते आणि सव्वादोनाचे चार तास होतात, म्हणून रविवार नको म्हटलं. गाडी चालवणारा पहाटे तीनपासून जागा असतो, तेव्हा ग्रँड लेकला ड्रायव्हर बदला, दुसरा कुणी नसेल तर त्याला अर्धा तास गाडीतच झोपू द्या आणि तोवर बाकीच्यांनी तळ्यावर फेरी मारून या.